उचलायचंय

जिवंत मशीन कुणीही नेतं. किल्ली मारली, धूर सोडला, फळ्यांवरून ट्रेलरवर चढवलं की निघालं. कुंडलिक मेलेली मशिनं न्यायचा. इंजिन जाम झालेला डोझर, घाटात बसकण मारलेला रोडरोलर, खाणीत गंजत पडलेला कॉम्प्रेसर, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत जे जे जागच्या जागी मेलं ते उचलायला आळेफाट्यावरून त्याचा ट्रेलर यायचा. काम काही मानाचं नव्हे. पण ज्यानं कधी मेलेलं मशीन हलवलं नाही त्यानं उगाच नाक मुरडू नये. जिवंत मशीन तुमचं ऐकतं. मेलेलं ऐकत नाही, आणि एकदा उतारावर सुटलं की त्याला ब्रेकही नसतो.

ह्या धंद्यात माणूस एकटा पडतो, हे मात्र खरं. जिथं जावं तिथं मालक तोंड पाडून बसलेला. लाखमोलाची वस्तू दारातून मातीमोल होऊन चाललेली, तिथं ट्रेलरवाल्याला कोण म्हणणार की बसा पावणं, भाकरी खाऊन जा? एकदाचं न्या, एवढंच म्हणायचे. कुंडलिक न्यायचा. संध्याकाळी फाट्यावरच्या हॉटेलात जेवायचा आणि जवरीशेठच्या दुकानामागच्या खोलीत पडायचा. नऊ वर्षांत त्याला रामराम घालणारे फाट्यावर पुष्कळ झाले. घरी बोलावणारा एकही झाला नाही.

जवरीशेठ म्हणजे जवरीलाल. त्यांचं पाईप आणि हार्डवेअरचं दुकान होतं. वाडवडील राजस्थानातून आलेले, पण शेठची मराठी इथल्या कुणाही माणसासारखी. कुंडलिकला फोन नव्हता, म्हणून त्याचे निरोप दुकानातल्या फोनवर यायचे, आणि शेठ ते बिनबोभाट घ्यायचे. निरोपाची तऱ्हा ठरलेली. कुणाकडं, कुठल्या गावाला, आणि किती वाजता उचलायचंय. शेठ आपले दोन प्रश्न विचारायचे, जड आहे का, आणि माणसं लागतील का. मशीन कसलं ते त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना त्यातलं कळतही नव्हतं.

कुंडलिक मूळचा निरगुडसरचा. थोरला भाऊ गेणभाऊ, वहिनी शीला आणि पुतण्या अमृत, सगळे अजून तिथंच. कालव्याचं पाणी आलं तेव्हा जो तो आपलं उताराचं रान सपाट करायच्या मागं लागला, आणि ह्या दोन भावांनी एक जुना डोझर आणला. ते दिवस काही औरच होते. कुंडलिक सीटवर, गेणभाऊ पुढं पाठीमागं चालत हातानं खुणा करणारा. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही, त्यामुळं दिवसभर दोघं एक शब्द बोलायचे नाहीत, आणि तरी सांज झाली की दोघांनाही वाटायचं, आज लई बोललो. निम्म्या तालुक्याचं रान त्यांनी असं मुक्यानं सपाट केलं.

मग एक दिवस, स्वतःच्याच मळ्यात काम करताना, इंजिन जाम झालं. गेणभाऊ म्हणाला, तुझ्या हातानं मेलं. कुंडलिक म्हणाला, तुझ्या हावेनं मेलं, बैलाला तरी दुपारची सुट्टी असती. कुंडलिकला ते पुण्याला दुरुस्तीला न्यायचं होतं. गेणभाऊ हट्टाला पेटला, माझ्या मळ्यातनं ते हलायचं न्हाई. कुंडलिक कपड्यांची पिशवी घेऊन निघाला तो थेट फाट्यावर. तिथं त्यानं धंदा कुठला धरावा, तर बंद मशिनं उचलायचा. आता ह्याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

पहिला शब्द कुणी काढायचा, एवढ्यावर नऊ वर्षं गेली. दोघंही एकाच आईचे, दोघांच्याही मानेत तोच ताठा. पण कुंडलिकनं मनाशी एक गणित मांडलं होतं. डोझर कधीतरी उचलावा लागणार. आज ना उद्या दादाला ती जागा लागेल, किंवा अमृत मोठा होऊन बापाच्या मागं लागेल. आणि दोन्ही तालुक्यांत असलं धूड उचलणारा दुसरा आहे कोण? दादाला निरोप धाडावाच लागेल. त्या निरोपाची तो वाट बघायचा. सकाळी दुकानापुढं दात घासताना आत फोन वाजला की त्याचा हात थांबायचा. नऊ वर्षं त्या माणसाला दुसरं काही नको होतं.

तो निरोप थंडीच्या दिवसांत एका सकाळी आला. शेठनी खोलीच्या दारावर थाप मारली.

"कुंडलिकभाऊ, निरगुडसरहून फोन होता. गेणभाऊकडं. दोन वाजता उचलायचंय म्हणाले. तुझ्यासाठी थांबलेत."

कुंडलिकच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "कुणी केला व्हता फोन?"

"कुशाबा म्हणून कुणी. मी विचारलं, जड आहे का. म्हणाले, जडच हाय शेठ. माणसं लागतील का विचारलं, तर म्हणाले माणसं हायेत, त्यानं फक्त यावं."

कुशाबा म्हणजे गेणभाऊचा बांधाला बांध लागलेला शेजारी. आता जे झालं होतं ते लपवून ठेवण्यात काही गंमत नाही. गेणभाऊ त्या पहाटे गेला होता. आपल्याकडं माणूस गेला तर फोनवर गेला असं कुणी म्हणत नाही, त्यातून परक्या माणसाजवळ तर नाहीच. तब्येत बरी नाही, निघून या, असं म्हणतात. नाहीतर किती वाजता उचलायचं तेवढं सांगतात, बाकीचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. कुशाबानं रीतीप्रमाणं निरोप दिला. शेठनी इमानानं पोचवला. आणि ज्या माणसानं नऊ वर्षं 'उचलायचंय' ह्या शब्दावर भाकरी खाल्ली, त्यानं त्याचा आपल्या धंद्यातला अर्थ घेतला. चूक कुणाची म्हणणार?

"दादानं बोलावलं," कुंडलिक शेठला म्हणाला. एवढंच म्हणाला, पण त्याचा चेहरा बघून शेठही हसले.

मग त्याची जी धांदल उडाली ती बघण्यासारखी होती. दाढी केली. दिवाळीला घेतलेला आणि घडीसुद्धा न मोडलेला शर्ट काढला. ट्रेलरवर लाकडी ठोकळे, पहार, जॅक, साखळ्या आणि रॉकेलचा डबा चढवला. एरवी त्याच्याबरोबर भागू नावाचा एक गडी असायचा. त्याला कुंडलिक म्हणाला, आज नको, तिथं माणसं हायेत. खरं कारण वेगळं होतं. आज त्याला मध्ये तिसरं कुणी नको होतं. तो दोर ओढायच्या विंचवर आणि दादा पुढं खुणा करायला, एवढे दोघं बास होते.

नारायणगावात थांबून त्यानं गोडी शेवेचा पुडा घेतला. पुढं मंचरपर्यंत तो एकच गोष्ट ठरवत होता, की पहिलं वाक्य काय बोलायचं. "दादा, बरा हायेस का?" हे फार परक्यासारखं वाटलं. "वहिनी कशा हायेत?" ह्यात मुद्दा चुकवल्यासारखं होत होतं. मग त्यानं ठरवलं की सरळ मशीनचंच बोलायचं. "दादा, कुठल्या अंगानं काढायचं?" हे त्याला पसंत पडलं. त्यात मोठेपणा दादाकडं राहत होता आणि आपल्याला वाकायलाही लागत नव्हतं. केबिनमध्ये एकट्यानं तो ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघायचा. शेजारून जाणाऱ्या एसटीतली माणसं बघायची.

मंचरहून निरगुडसरकडं वळल्यावर गाव यायच्या आधी मळ्याची वाट फुटते. नदीवर जाणारी वाटही तीच. कुंडलिक तिथं क्षणभर थांबला. आधी घरी जावं का? पण नऊ वर्षांनी उंबऱ्यात उभं राहायचं, वहिनींनी पाण्याचा तांब्या आणायचा, आणि मग सगळ्यांनी एकमेकांकडं बघत बसायचं, हे त्याला नको होतं. मशीनपाशीच भेटू. हातात काम असलं की बोलणं सोपं जातं. शिवाय धंद्याची रीतही तीच, उचलणारा थेट मालापाशी जातो. त्यानं ट्रेलर मळ्याकडं वळवला. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस. वाट एवढी अरुंद की उसाची पानं केबिनला घासत होती.

डोझर होता तिथंच होता. मातीनं त्याच्या चाकांवरची साखळी निम्मी गिळली होती, सीटमधून एरंडाचं झाड वर आलं होतं, आणि पुढचं पातं जमिनीत रुतलेलं. कुंडलिक त्याच्याभोवती दोनदा फिरला. मग नवा शर्ट काढून केबिनमध्ये टांगला आणि कामाला लागला. दादा येईपर्यंत निदान तयारी तरी करून ठेवू.

मेलेलं मशीन आधी जमिनीपासून सोडवावं लागतं. वर्षानुवर्षं एका जागी बसलेलं लोखंड माती सोडायला तयार नसतं. त्यानं साखळीभोवतीची माती पहारीनं उकरली, सांध्यासांध्यात रॉकेल आणि जळकं ऑइल सोडलं. जॅक लावून पातं एकेक इंच वर घेतलं आणि साखळीनं बांधून टाकलं, कारण ते उचलणारा पंप इंजिनाबरोबरच मेला होता. एरंड तोडला. गिअर मोकळा करायला तर त्याला हातोडीनं बराच वेळ मनधरणी करावी लागली. मग समोरच्या खोलगट जागेत ट्रेलर मागं घेऊन उतरवला, म्हणजे त्याची पाठ जमिनीच्या जवळ येते आणि चढ कमी होतो. ठोकळे रचले. विंचचा दोर ओढून हुकाला अडकवला. सगळं तयार झालं तेव्हा दोन वाजत आले होते. तो बांधावर बसला आणि वाटेकडं बघत राहिला.

इकडं घरी सगळे त्याच्यासाठी थांबले होते. तिकडं तो सगळ्यांसाठी थांबला होता. मध्ये दोन शेतं उसाची.

दोन वाजून गेले. कुणी आलं नाही. तो मनाशी म्हणाला, जेवण उरकून येत असतील. आणखी थोडा वेळ गेला. आता जुना राग वर आला. नऊ वर्षांनी बोलावतो आणि वर ताटकळत ठेवतो. म्हणजे मीच उठून दारात जायचं, मीच म्हणायचं, दादा, आलो. असंच हवंय ना तुला? त्याला एकदा वाटलं, जावं. उसापलीकडं घर, हाकेच्या थोडं बाहेर. पण बोलावणं धाडलेल्यानं यायचं असतं, हे काही तो सोडेना. ऊन कलायला लागलं तसा तो उठला आणि त्यानं तोंडातल्या तोंडात शिवी हासडली. एकटाच उचलतो, म्हणाला. ये तू सावकाश.

रागाच्या भरात माणसाला दुप्पट बळ येतं. त्यानं विंच चालू केला. दोर ताणला, डोझर कण्हला, पण हलेना. तो उतरला, साखळीखाली पहार घातली, परत विंचवर गेला. असं चार-पाच वेळा झालं. मग आतून काहीतरी कडाडलं आणि ते धूड हातभर पुढं सरकलं. नऊ वर्षांनी. कुंडलिकनं सवयीनं मागं वळून बघितलं, दादाची खूण बघायला. मागं कुणी नव्हतं.

मशीन ठोकळ्यांवर अर्धं चढलं होतं तेव्हा उसापलीकडून टाळ-मृदंगाचा आवाज आला. भजन होतं, पण त्याची चाल संथ. पाठोपाठ बऱ्याच माणसांच्या पायांचा आवाज. नदीकडं चाललेलं मयत. कुंडलिकनं साखळीखाली पाचर मारली आणि विंच बंद केला. डोक्यावरची टोपी काढली. ऊस मध्ये असल्यानं काही दिसत नव्हतं, फक्त आवाज डावीकडून उजवीकडं सरकत होता. तो हात जोडून उभा राहिला. कुणाचं असेल ते असो, आपल्याच गावचं माणूस. आवाज नदीकडं उतरून विरेपर्यंत त्यानं हात खाली घेतले नाहीत.

आणि मग त्याला एकदम उलगडा झाला. त्याचा राग क्षणात उतरला. गावात मयत झालंय, म्हणून दादा अडकलाय. असल्या वेळी दादा कायम पुढं. सरण रचायला तो, खांदा द्यायला तो. बिचारा निघता निघत नसेल, आणि आपण इथं त्याला शिव्या घालतोय. कुंडलिकला स्वतःचीच लाज वाटली. आता त्याला घाई झाली. सगळे नदीवरून माघारी येतील ते ह्याच वाटेनं. तोवर डोझर चढवून, बांधून, वाटेवर नेऊन उभा करायचा. दादानं येऊन बघावं आणि काहीच बोलू नये, नुसती मान हलवावी.

उरलेलं काम त्यानं मन लावून केलं. विंच थोडा ओढायचा, उतरून पाचर पुढं सरकवायची, परत ओढायचा. दोर तुटला तर थांबवायला दुसरं काही नाही, आणि दुसरा माणूसही नाही. शेवटी डोझर ट्रेलरच्या पाठीवर सपाट आला तेव्हा ट्रेलर खाली दबला. चारी कोपऱ्यांना साखळ्या आवळल्या. हातपाय धुतले, नवा शर्ट परत चढवला आणि ट्रेलर वाटेला लावला.

ते लोक वाटेतच भेटले. नदीकडून वर येणारी ओल्या पायांची माणसं, खाली माना घालून. वाट भरून ट्रेलर, त्यामुळं ती थांबली. कुंडलिकनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. तो एकेक तोंड बघत गेला. कुशाबा दिसला. तालमीतला धर्माजी दिसला. चुलत्यांकडचे दिसले. म्हातारे झालेले, काही ओळखू न येणारे. दादा मागं असेल म्हणून त्यानं टाचा उंच करून बघितलं. दादा कुठं दिसेना.

मग गर्दीतून अमृत पुढं आला. अंगावर ओलं धोतर, खांद्यावर पंचा. डोळे सुजलेले. बापाला अग्नी देऊन आलेलं पोर सांगावं लागत नाही. कुंडलिकला कळलं. त्यानं ट्रेलरला हात टेकला.

"नाना, चार वाजेपर्यंत थांबलो आमी," अमृत म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "दुकानात परत फोन लावला. शेठ म्हणले, ते सकाळीच निघाले, लई खुशीत व्हते. मग मला वाटलं, वाटेतनं माघारी फिरलात."

"मी मळ्यात व्हतो," कुंडलिक म्हणाला. "हितंच व्हतो."

अमृतनं वर डोझरकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. "हे न्यायला कुणी सांगितलं तुमाला?"

"दादानं बोलावलं म्हणून..."  कुंडलिकनं कुशाबाकडं बघितलं.

कुशाबा पुढं आला. झालेला घोटाळा त्याच्या ध्यानात आला होता आणि त्याची मान खाली गेली होती. "निरोप मी दिल्ता, कुंडलिक. उचलायचंय म्हणलो. मला वाटलं, तुला कळंल."

 मग कुंडलिकनं जे विचारलं ते लहान पोरासारखं विचारलं. "मंजी दादानं न्हाई बोलावलं?"

अमृतनं पंचानं तोंड पुसलं.

"जाताना काय म्हणला का? माझं काय?"

कुशाबा भला माणूस होता. खोटं बोलावं असं त्याच्या मनात येऊन गेलं असणार, कारण तो आधी अमृतकडं बघून घुटमळला. पण पोरानं बाप नुकताच जाळला होता, त्याच्यादेखत खोटं कसं बोलणार?

"झोपेतच गेला रं," तो म्हणाला. "कुणाशीच न्हाई बोलला."

मागची माणसं ओल्या कपड्यांनी कुडकुडत खोळंबली होती. अंधार व्हायच्या आत घरी दिवा लावायचा होता. ट्रेलर मागं घेता येईना. मग ट्रेलर आणि ऊस यांच्या मधल्या फटीतून लोक आडवे होऊन एकेक करून जायला लागले. जाता जाता कुणी कुंडलिकच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी नाही ठेवला. तो चाकापाशी बसून होता. ज्याची नऊ वर्षं वाट बघितली ते बोलावणं आलंच नव्हतं, आणि आता ते कधी येणारही नव्हतं. दादाला हात जोडले तेही कुणा परक्याचं मयत समजून. सगळे गेल्यावर तो रडला, आणि रडताना पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, "दादा, कुठल्या अंगानं काढायचं?"